नाव ठेवण्यापुरतं नाव

निपाणीच्या आठवडी बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराला स्वतःचं काम ओळखताना मी पाहिलंय. शेजारच्या पाटीवर मिरच्या निवडायला वाकलेल्या माणसाच्या पायात जुना जोड होता, टाचेला झिजलेला, पट्ट्याचा रंग उडालेला. कारागीर बाबा त्याला म्हणाले, ‘जरा काढा बघू पायातलं.’ त्यांनी चप्पल उलटी केली, टाचेजवळच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. ‘ह्यो माझ्या हातचा जोड हाय.’

‘न्हाई वो, कोल्हापुरात घेतलाय. चप्पल लाइनीत.’

‘घेतला असशील तिथं. केलाय मी.’

टाचेपाशी चामड्याची वादी आत ओढून घेताना शेवटचा टाका ते जरासा तिरका घालतात, हे त्यांनी मला नंतर दाखवलं. त्या जोडावर दुकानाचं नाव होतं, सोनेरी शिक्क्यातलं, अर्धं पुसलेलं. करणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. तरी करणाऱ्याला ते त्या तिरक्या टाक्यात वाचता आलं.

मी या भागात तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. माणसाला नाव कशासाठी हवं असतं, आणि ते त्याला आपण कधी देतो? नावाची इच्छा ही वाईट गोष्ट आहे असं मी मानत नाही. आपलं काम आपलं म्हणून ओळखलं जावं असं ज्याला वाटत नाही, असा माणूस मला भेटलेला नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे नाव चुकीच्या जागी लागतं. ज्यानं काम केलं त्याचं नाव आपण फक्त चूक झाली की शोधतो, आणि ज्यानं काहीच केलेलं नसतं त्याचं नाव चौकात दहा फूट उंच टांगतो.

चपलेपासूनच सुरुवात करतो. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानमध्ये प्राडा कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. त्यातल्या मॉडेलांच्या पायात जे होतं ते आमच्या निपाणीतल्या शाळकरी पोरानंही लांबून ओळखलं असतं. कंपनीनं त्याला नुसतं चामडी सँडल म्हटलं होतं. मग ओरड झाली, महाराष्ट्राच्या व्यापारी-उद्योजकांच्या चेंबरनं पत्र लिहिलं, आणि ही प्रेरणा भारतातल्या पारंपरिक पादत्राणांची असल्याचं कंपनीनं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही गेली, ती जुलैत फेटाळली गेली. एवढ्यात कर्नाटकाच्या बाजूनं एका मंत्र्यांनी आठवण करून दिली की कोल्हापुरी म्हणतात ती चप्पल करणारे कितीतरी कारागीर अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग भागात राहतात. हे खरंच आहे. २०१९ चं भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, दोन्ही राज्यांचं मिळून आहे. त्यात इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार जिल्हे आहेत आणि तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार. अथणीचा माल पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरच्या बाजारात जाऊन कोल्हापुरी होत आलाय.

त्या महिन्यात आमच्याकडे कट्ट्याकट्ट्यावर हाच विषय होता. चप्पल कोल्हापूरची की अथणीची, महाराष्ट्राची की कर्नाटकाची? सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न आतूनच ओळखीचा असतो, त्यामुळं सगळे हिरिरीनं बोलत होते, मीसुद्धा बोललो. कंपनीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, जिल्ह्यांची नावं होती, मंत्र्यांची होती. मला बाजारातले बाबा आठवले ते चार दिवसांनी, आणि तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं.

मी त्यांच्या घरी गेलो. बाभळीची साल आणि हिरड्यात मुरवलेलं म्हशीचं कातडं, त्याचा तो कडवट तुरट वास अंगणापासूनच येतो. तळाचं कातडं भिजवून दगडावर ठोकतात, त्यानं ते घट्ट होतं. रापीनं कापायचं, आरीनं भोक पाडायचं, चामड्याच्याच वादीनं शिवायचं. अस्सल जोडात खिळा नसतो. बाबा तळ शिवत होते. उंबऱ्यापाशी त्यांची बायको, जिला सगळी गल्ली मावशी म्हणते, पट्ट्यावरची वेणी विणत बसली होती. चामड्याच्या बारीक पट्ट्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दोन्ही हात वेणीवर, आणि डोळे माझ्याकडे. चहा टाकायला सांगताना, नातवाचं कौतुक करताना हात थांबले नाहीत, आणि वेणी कुठंही सैल पडली नाही. पलीकडं सून दुसरी वेणी विणत होती. एका जोडात तीन माणसांचे हात, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी मनातल्या मनात ‘कारागीर’ म्हणायचो तेव्हा डोळ्यासमोर एकटे बाबाच असायचे. म्हणजे नाव नसलेल्यांतसुद्धा कुणीतरी जास्त बिननावाचं असतं.

‘काम करत राहावं, नावाची अपेक्षा धरू नये’ हा उपदेश मी स्वतः वर्गात पोरांना केलाय. आज मी तो सरसकट करणार नाही. आमच्या भागात कितीतरी घरांत बसवण्णांचा फोटो आणि विठ्ठलाचा फोटो एकाच भिंतीवर असतो, आणि त्या दोन परंपरा नावाच्या बाबतीत दोन वेगळ्या वाटांनी गेल्यात. वचन, म्हणजे कन्नडमधली छोटी भक्तिपर रचना, लिहिणारे बहुतेक शरण, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतले भक्त, शेवटी आपलं नाव घालत नाहीत, आपल्या देवाचं घालतात. बसवण्णांच्या वचनात कूडलसंगमदेव येतो, अक्कमहादेवींच्या वचनात चन्नमल्लिकार्जुन. त्याला अंकित म्हणतात. आपले वारकरी संत मात्र आपलंच नाव घालतात. तुका म्हणे, नामा म्हणे, चोखा म्हणे. यात मोठं कोण हा प्रश्नच नाही. पण बोलणारा कुठं उभा होता ते बघावं. बसवण्णा कल्याणच्या बिज्जळ राजाचे मंत्री होते. राज्याची तिजोरी ज्याच्या हातात आहे त्यानं आपलं नाव मागं ठेवावं, यात त्यांचं मोठेपण आहे. चोखोबांना देवळाच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. ज्याचं नाव कुणी नीट उच्चारायला तयार नव्हतं, त्यानं अभंगाच्या शेवटी ‘चोखा म्हणे’ असं ठामपणानं म्हणावं, यात त्यांचं मोठेपण आहे. मंत्र्याला शोभणारा त्याग आपण पायरीवरच्या माणसाला शिकवायला गेलो, तर तो उपदेश राहत नाही. तो अन्याय होतो.

आणि शरणांमध्येही हरळय्या होतेच. ते चांभार होते. आपण एकदा नमस्कार केला तर बसवण्णांनी उलट दोनदा केला, याची उतराई म्हणून त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, कल्याणम्मांनी, स्वतःच्या मांडीचं कातडं काढून जोडा शिवला अशी कथा आहे. बसवण्णांनी तो पायात घातला नाही. इतक्या मोलाची वस्तू पायात घालायची आपली योग्यता नाही, असं ते म्हणाले. आठशे वर्षं ही कथा टिकली, त्यात बायकोचंही नाव टिकलं. आज आपण जोड विकत घेताना दुकानदाराला विचारतो, कितीला दिला? कुणी केला, हे विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

माझा एक विद्यार्थी बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. दिवाळीला येतो, पाया पडतो, तासभर बसतो. मी त्याला विचारलं, ‘तू ओततोस ते पुढं कुठं जातं रे?’ म्हणाला, ‘माहिती नाही सर. मशीन शॉपला जातंय, तिथनं कंपनीला.’ मग त्यानं मला हीट नंबरबद्दल सांगितलं. भट्टीतून एका वेळी जो रस निघतो त्याला हीट म्हणतात, आणि त्या ओतकामाच्या नगांवर नंबर असतो. ‘माल रिजेक्ट होऊन परत आला की त्या नंबरावरनं सगळं निघतंय बघा सर. कुठली शिफ्ट, मोल्ड कुणी केला, ओतलं कुणी. पास झाला तर कोण विचारत नाही.’

तो हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता, माहिती देत होता. पण मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. सगळी नोंद आहे, वही आहे, नंबर आहे. माणसापर्यंत पोचायची वाट तयार आहे. फक्त तिच्यावरून आपण एकाच कामासाठी चालत जातो, दोष लावायला. मराठीत ‘नाव ठेवणं’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेही नाव ठेवणं, आणि कुणाच्या कामात खोट काढली तेही नाव ठेवणंच. काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला बारशानंतर बहुतेक दुसऱ्या अर्थाचंच नाव येतं.

उलट बाजूला बघा. बेळगावात कुठल्याही चौकात उभं राहा. वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडीबद्दल अभिनंदनाचे फ्लेक्स, खाली शुभेच्छुकांच्या पन्नास तोंडांची रांग. यातल्या कुणी काय केलं म्हणून त्यांचं अभिनंदन आहे, हे फ्लेक्सवर कधी लिहिलेलं नसतं. कारण तिथं नाव हेच काम झालेलं आहे. आणि पुरस्कारांचं तर विचारूच नका. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचं मला पत्र आलं. आदर्श शिक्षक म्हणून माझा विचार होत होता, सोबत अर्ज होता, दोन फोटो, कार्याची कात्रणं आणि नोंदणी शुल्क मागितलं होतं. मी अर्ज भरायला घेतला होता, हे इथं सांगायला हवं. घरात कुणाला न सांगता बसलो होतो. ‘आपल्या कार्याचा परिचय’ या रकान्यापाशी पेन अडलं.

समित्यांची नावं लिहिता आली असती. पण खरं माझं म्हणावं असं काम कोणतं, हे आठवायला लागलो तेव्हा एक मुलगी आठवली. निपाणीत घरोघरी विड्या वळतात. तिची आई विड्या वळायची, हजारावर हिशोब, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जायचे. आईला अक्षर येत नव्हतं. तिसरीतल्या त्या मुलीला मी वजाबाकी शिकवत होतो आणि तिला ती काही केल्या जमत नव्हती. मग एके दिवशी तिला आईचं विड्यांच्या हिशोबाचं कार्ड आणायला सांगितलं. आम्ही दोघांनी त्याच्यावरची वजाबाकी केली. पुढच्या आठवड्यात ती कारखानदाराच्या माणसासमोर आईच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, हितं चाळीस जास्त कापल्यात. एवढंच. चाळीस विड्या. याला अर्जात रकाना नव्हता, आणि कात्रण तर नव्हतंच. तो अर्ज मी पाठवला नाही. पण त्या रात्री मला माझा तिरका टाका सापडला होता, आणि तो पुरस्कारानं सापडला नसता.

नाव आणि स्वतःची ओळख या दोन गोष्टी एकत्र येतातच असं नाही, हे आमच्याच मातीतल्या एका माणसाच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा जन्मला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो लहानपणीच त्या जशाच्या तशा गायचा. लोक थक्क व्हायचे. कुमार गंधर्व ही पदवी त्याच वयातली. म्हणजे नाव, आणि केवढं मोठं नाव, हाती आलं तेव्हा गळ्यातलं गाणं बरंचसं दुसऱ्यांचं होतं. पुढं क्षयानं गाठलं. देवासला जाऊन राहावं लागलं, आणि पाच-एक वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून ते ऐकत राहिले, आजूबाजूच्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. उठले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होतं, आणि जे गाणं बाहेर आलं ते पहिल्यांदा संपूर्ण त्यांचं होतं. या कथेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. नाव झालं तेव्हा स्वतःची ओळख झाली नव्हती, आणि ओळख झाली ती नाव विसरलं जाण्याच्या भीतीत, शांततेत झाली. दुसरी गोष्ट, त्यांनी माळव्याची लोकगीतं लोकगीतं म्हणूनच लोकांसमोर ठेवली. त्या बायकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत, पण कुमारांनी त्यांचं गाणं स्वतःच्या खात्यावर लावून घेतलं नाही.

हे सगळं मी आमच्याच लोकांना उद्देशून लिहितोय. कारण नाव पुसलं जाणं म्हणजे काय, हे सीमाभागातल्या मराठी माणसाइतकं फार थोड्यांना कळतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून आम्ही तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतो. २०१४ साली त्याच तारखेला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं. घरात आम्ही बेळगावच म्हणतो. २००४ पासून या भागासाठीचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पाटीवर आपली भाषा असावी, सातबाऱ्याचा उतारा आपल्या अक्षरात मिळावा, ही मागणी मी आयुष्यभर केली आणि करत राहीन. पण म्हणूनच विचारतो. पाटीवरचं एक अक्षर गेलं तर आमच्या पोटात तुटतं, मग आमच्याच संस्थांच्या इमारतींवर संगमरवरात फक्त देणगीदारांची नावं का? ती भिंत बांधणारा गवंडी आपल्याच भाषेत बोलणारा होता. आमच्या वार्षिक संमेलनात सत्काराला शाल-श्रीफळ घेऊन तेच ते आठ-दहा लोक वर्षानुवर्षं व्यासपीठावर येतात. मांडव घालणारा, आचारी, साउंडवाला यांचे आभार ‘ज्ञात-अज्ञात’ या शब्दात उरकतात. तो अज्ञात नसतो. त्याचा फोन नंबर संयोजकाच्या मोबाईलमध्ये असतो.

आता जो अडसर माझ्यासमोर उभा राहिला तो सांगतो, कारण तो टाळून पुढं जाणं खोटेपणाचं होईल. बाबांना मी म्हणालो, मी लिहिणार आहे, तुमचं नाव आणि गाव घालतो. त्यांनी आरी खाली ठेवली. ‘नाव नको घालू सर. भाव मिळाला तर बास.’ मी म्हणालो, नावामुळंच भाव मिळतो बाबा, दुकानदाराचं नाव असतं म्हणून तर मधला पैसा त्याच्याकडं जातो. त्यांना ते पटलं. तरी नको म्हणाले. मग मावशींनी सांगितलं. नातू पुण्यात कंपनीत आहे. बरोबरच्या पोरांना त्यानं घरचा धंदा सांगितलेला नाही. आडनाव छापून आलं, शेजारी चपलेचा फोटो आला, की सगळं कळतं.

म्हणून या लेखात त्यांचं नाव नाही. माझा सगळा युक्तिवाद त्या उंबऱ्यावर अडखळला, आणि तो अडखळायलाच हवा होता. नाव लागलं की मान मिळतो, हे मी गृहीत धरलं होतं. ज्या समाजात जातीचं नाव शिवी म्हणून वापरतात, तिथं नाव लागलं की मान जाऊही शकतो. या दोषातून मी स्वतःला आणि माझ्या वर्गांना वेगळं काढत नाही. शाळेच्या मैदानात पोरं कुणाला काय म्हणून चिडवायची ते मी ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी थांबवलेलं नाही. त्या नातवानं पुण्यात तोंड मिटून घेतलं, त्याची सुरुवात अशाच कुठल्यातरी मैदानावर झाली असणार.

तेव्हा आता माझी मागणी थोडी बदललेली आहे. महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळानं जोडावर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली, तो स्कॅन केला की करणाऱ्याची माहिती मिळते. हे चांगलं पाऊल आहे, कर्नाटकाच्या महामंडळानंही ते उचलावं, आणि दोघांनी मिळून एकच पद्धत ठरवावी. मानांकन एकत्र आहे तर नोंदही एकत्र ठेवायला काय हरकत आहे? पण कोडमध्ये काय असावं हे कारागिरानं ठरवावं. पूर्ण नाव, नुसतं पहिलं नाव, एखादी खूण, काहीही. वेणी विणणारीचं नाव वेगळं विचारावं, घरातल्या पुरुषाच्या नावात ते बुडवू नये. आणि कोडामुळं जास्त किंमत आली तर त्यातला ठरलेला वाटा त्या घरात पोचतोय का, हे दर वर्षी कुणीतरी तपासावं. फाउंड्र्यांच्या मालकांना सांगायचं तर, रिजेक्ट मालासाठी जी वही आहे तिच्यात चांगल्या मालाचीही ओळ लिहिता येते. त्याला नवं यंत्र लागत नाही. आमच्या मराठी संस्थांनी अर्ज आणि शुल्क मागवून पुरस्कार देणं याच वर्षी बंद करावं. ज्याला स्वतःचा सत्कार मागावा लागतो त्याचं समाधान त्या शालीनं होत नाही, हे मी त्या रकान्यापाशी बसून अनुभवलंय.

बाबांकडून मी एक जोड करून घेतला, सांगितली ती किंमत देऊन. घ्यायला गेलो तेव्हा ते बाहेर गेले होते, मावशींनी दिला. अजून नवा आहे, डाव्या अंगठ्याला चावतो. खोबरेल लावा, आठ दिवसांत पाय ओळखंल, पावसात घालू नका, असं सगळं त्यांनी सांगितलं. तिरका टाका मी टाचेपाशी शोधून काढला होता, तो दाखवल्यावर त्या हसल्या. मग त्यांनी दोन्ही चपला पुढ्यात ठेवल्या आणि पट्ट्यावरच्या वेण्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘ही उजवी माझी. डावी सुनंची.’